नापास होण्याची तालीम

चंपाषष्ठीला बापूराव दरवर्षी बहिणीकडे वांग्याचं भरीत खायला येत आणि भरतात लसूण कमी पडलाय असं सांगून जात. यंदा ताट संपलं तरी ते लसणाविषयी चकार शब्द बोलले नाहीत. तेव्हाच कमळाबाईंनी ओळखलं की दादा काहीतरी ठरवून आलेत.

निरोप कमळाबाईंनीच धाडला होता म्हणा. गेल्या आठवड्यात त्यांचे यजमान अनंतराव ड्यूटीवरून आले आणि बूटसुद्धा न काढता ओसरीवर उभ्या उभ्या म्हणाले, "मी इंजिन सोडतोय." क्लीनर म्हणून इंजिनांच्या शेडमध्ये शिरलेला माणूस फायरमन झाला, ड्रायव्हर झाला, वाफेवर इकडे आग्रा आणि तिकडे बीना करत केस पिकले, आणि आता डिझेल आलं म्हणून त्याने पोरासोरांच्या शेजारी बाकावर बसून पुन्हा शिकायचं. ते त्यांना मंजूर नव्हतं. त्यांना कानपूर रोडवरच्या मोठ गावी बर्फाचा कारखाना काढायचा होता. जागा जयसिंगची. हा जयसिंग एके काळी त्यांच्याच इंजिनावर कोळसा मारायचा. नोकरी सोडून तो मोठच्या मंडीत आडतीवर बसला आणि सुखी झाला, असं अनंतरावांचं मत होतं. उभा जन्म आगीसमोर काढलेल्या माणसाला बर्फ विकावासा वाटावा, यात कमळाबाईंना काही नवल वाटलं नाही. हे त्याला ऐन थंडीत सुचावं, याचं वाटलं.

त्यांनी एकच अट घातली. "तुम्ही मोठला जा नाहीतर काशीला जा. नोकरी घरात राहिली पाहिजे."

सासरे भुसावळहून झाशीला आले ते रेल्वेत. नवरा रेल्वेत. मुलगा रघुनाथ मात्र बावीस वर्षांचा होऊन घरात. रेडिओ दुरुस्तीचा कोर्स अर्ध्यावर सोडलेला, मागल्या साली रेल्वेची लेखी परीक्षा पास होऊन नेमका मेडिकलच्या दिवशी तापाने पडलेला. कमळाबाईंचं रात्रंदिवस एकच चाललं होतं, या पोराचं कसं होणार. अनंतरावांनी नुसता राजीनामा दिला असता तर क्वार्टर गेलं असतं, पास गेले असते, आणि रघुनाथ होता तिथेच राहिला असता.

बापूरावांनी हात धुतले, पुसले, आणि बैठकीवर बसून धोतराची चुणी नीट केली. ते कचेरीत हेडक्लार्क होते, आता रिटायर. धोतर पांढरं, सदरा पांढरा, टोपी पांढरी, शालसुद्धा पांढरी. त्यांच्या घराण्यात पुरुष रंगीत कपडा अंगाला लावत नाहीत. इकडे बुंदेलखंडात, गुरसरायच्या बाजूला चाकरीला आलेल्या मूळपुरुषाने म्हणे शपथ घेतली होती, की दक्षिणेत परत जाईन तेव्हाच रंगीत पागोटं बांधीन. परत कुणीच गेलं नाही.

"अनंतराव," बापूराव म्हणाले, "राजीनामा द्यायचा नाही. नापास व्हायचं."

"कशात?"

"डोळ्यांत. मंगळवारी तुमची डोळ्यांची तपासणी आहे ना? डॉक्टर लाल दाखवेल, तुम्ही हिरवा म्हणा. हिरवा दाखवेल, लाल म्हणा. डोळे गेलेल्या ड्रायव्हरला इंजिनावरून उतरवतात आणि त्याच्या मुलाला घेतात. मी चौकशी केलीय. रघू फायरमन होईल, तुम्ही बर्फ करा, कमळी निर्धास्त. सगळे सुखी."

"आणि डॉक्टर?" बकुळने विचारलं. बकुळ अनंतरावांची थोरली, मुलींच्या शाळेत शिकवायची. खोटं बोलणाऱ्याचा चेहरा ओळखण्याचा तिला धंद्याने सराव झाला होता.

"डॉक्टरला काय समजणार? डोळे यांचे आहेत."

अनंतरावांनी बायकोकडे पाहिलं. त्यांना वाटलं होतं, ही तरी म्हणेल, काहीतरीच काय दादा. कमळाबाई ताटं उचलत म्हणाल्या, "एकदा करून बघायला काय जातंय?"

बकुळला हसू येत होतं आणि रागही. आई आणि मामा एका बाजूला, बाबा एकटे, आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय तो रघुनाथ कोपऱ्यात बसून शेंगा सोलतोय. तिने ठरवलं, आपण बाबांच्या बाजूला. पण मामांनी बांगड्या मागितल्या तेव्हा तिने निमूट हातातली एक हिरवी आणि एक लाल काढून दिली, कारण बाबा खोटं कसं बोलतात हे तिलाही बघायचं होतं.

"ही हिरवी ना?" बापूरावांनी विचारलं.

"हो मामा. ही हिरवी, ती लाल."

बापूरावांनी हिरवी उजव्या खिशात टाकली, लाल डाव्या. मग उन्हात खुर्ची मांडून अनंतरावांना समोर बसवलं आणि उजवा हात वर केला.

"बोला."

अनंतरावांनी तोंड उघडलं. हिरवी बांगडी उन्हात चमकत होती. लाल म्हणायचं होतं, एवढं साधं. पण त्यांची जीभ टाळूला चिकटून बसली. कित्येक वर्षं धुक्यात, पावसात, उन्हाळ्यातल्या लूच्या झळांत डोळे फाडून ते आणि त्यांचा फायरमन एकमेकांना ओरडून सांगत आले होते. एकाने हिरवा म्हणायचं, दुसऱ्यानेही हिरवा म्हणायचं, तेव्हा गाडी पुढे. जेवताना कुणी "मिरची" म्हटलं तरी त्यांच्या ओठावर रंग आधी यायचा.

"हिरवा," ते म्हणाले.

"नापास व्हायचंय, अनंतराव."

"हो. चुकलं."

डावा हात वर झाला. "लाल," अनंतराव म्हणाले, आणि लगेच, "म्हणजे हिरवा."

"'म्हणजे' म्हणायचं नाही. डॉक्टर काय म्हणेल?"

"अहो, नीट करा ना," स्वयंपाकघरातून कमळाबाई म्हणाल्या. "पोराच्या जन्माचा प्रश्न आहे."

ते ऐकून अनंतरावांना अपराधी वाटलं. ते मनापासून प्रयत्न करायला लागले. डोळे मिटून, मग बांगडीकडे न बघता, मग हिरवा म्हणजे टोमॅटो असं मनात घोकून. हळूहळू जमायला लागलं. एकदा तर त्यांनी हिरव्या बांगडीला इतकं बेधडक लाल म्हटलं की बापूरावांनी शाबासकी दिली. अनंतरावांना त्या शाबासकीची फार लाज वाटली.

मग चहा आला. कप धरायला हात मोकळे हवेत म्हणून बापूरावांनी दोन्ही बांगड्या एकाच खिशात टाकल्या.

चहानंतर त्यांनी खिशात हात घातला, एक बांगडी काढली, वर धरली. हिरवी. अनंतराव तयार होते.

"लाल."

"बिघडवलंत पुन्हा," बापूराव म्हणाले. "लालच आहे. उलट सांगायचं."

"उलटच सांगितलं. हिरवी आहे."

"अनंतराव, लाल आहे."

अनंतरावांना वाटलं, परीक्षक आपल्याला घोळात घेतोय, तेही तालमीचाच भाग असावा. "बरं," ते म्हणाले, "मग हिरवी."

"आता बरोबर."

"बरोबर म्हणजे चूक ना?"

"म्हणजे बरोबर चूक. रघू, तू सांग रे. यांचा घोटाळा झालाय. ही कोणती?"

रघुनाथच्या हातातली शेंग हातातच राहिली. त्याने बांगडीकडे पाहिलं, मग मामांकडे, मग वडिलांकडे. "लालच," तो म्हणाला. "मामाजी ठीक कह रहे हैं."

कमळाबाई दारात येऊन उभ्या होत्या. बापूरावांच्या हातात हिरवीगार बांगडी होती. संक्रांतीला त्यांनीच बकुळला भरली होती.

"दादा," त्या म्हणाल्या, "दुसरी काढ."

बापूरावांनी दुसरी काढली. दोन्ही हातांत दोन बांगड्या धरून ते बराच वेळ बघत राहिले.

"ऊन डोळ्यांवर येतंय," शेवटी ते म्हणाले.

"मामा," बकुळ म्हणाली, "माझ्या साडीचा काठ कोणत्या रंगाचा आहे?"

"बायकांच्या साड्यांकडे बघायची आमच्या घराण्यात रीत नाही."

"वहिनी तुला टोमॅटो आणायला का पाठवत नाही रे, दादा?" कमळाबाईंनी विचारलं.

बापूरावांनी बांगड्या खिशात टाकल्या.

कमळाबाईंच्या डोळ्यांपुढून त्यांचं सगळं माहेर सरकून गेलं. वडील कच्ची बोरं तोंडात टाकायचे आणि गोड आहेत म्हणून खायचे. रामकृष्णकाका होळीच्या दिवशी घरात दार लावून बसायचे. घरातलं एकूण एक वस्त्र बायकांनी आणायचं, पुरुषांनी पांढरं नेसायचं आणि शपथेची गोष्ट सांगायची. म्हणजे शपथ वगैरे काही नव्हतं. या पुरुषांना रंग दिसतच नव्हते, आणि ते सांगायची लाज वाटली म्हणून पिढ्यान्‌पिढ्या सगळे धुतल्या कपड्यात हिंडले. आणि ते आपल्यावाटे आपल्या पोरात उतरलं.

"रघू," त्या म्हणाल्या, "तुला खरंच ती लाल दिसली?"

"मला दोन्ही सारख्याच दिसतात, आई."

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच."

"अरे, पण तू लहानपणी पुलावर उभा राहून सिग्नल सांगायचास," अनंतराव म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "एकदा चुकला नाहीस."

"दिवसा सांगायचो बाबा. सिग्नलचा हात खाली पडला की जा, आडवा असला की थांब. त्यात रंग कुठे येतो? रात्री कुणी विचारलंच नाही."

"आणि रेडिओचा कोर्स?" बकुळने विचारलं.

"वायरी."

तो असं साधं सांगत होता की जणू दुकान बंद होतं म्हणून साखर आणली नाही. कमळाबाईंना पुढचं विचारायचं नव्हतं, पण विचारल्यावाचून राहवेना.

"मेडिकलच्या दिवशी तुला ताप होता."

"नव्हता. मी गेलो होतो. रांगेत उभा राहिलो. पुढच्या मुलाला आतून विचारत होते, कौनसा रंग है, कौनसा रंग है. माझा नंबर यायच्या आधी परत आलो."

"मी तुला आठवडाभर काढा पाजला."

"हो. कडू होता."

कमळाबाई उंबऱ्यावरच बसल्या. वर्षभर त्या या पोराला आळशी म्हणत आल्या होत्या. येणाऱ्याजाणाऱ्यासमोर म्हणत आल्या होत्या. तो ऐकून घ्यायचा आणि शेंगा नाहीतर मटार सोलायला बसायचा. "मला का नाही सांगितलंस?" त्या म्हणाल्या, आणि त्यांना रडू आलं. ते त्यांनी लपवलं नाही.

"तुला नोकरी घरात हवी होती ना," रघुनाथ म्हणाला.

बापूरावांना आता दुसऱ्या कुणाबद्दल तरी बोलणं चालू व्हायला हवं होतं. ते खाकरले. "हरकत नाही. फायरमन नाही तर कारकून. कागदावर काळी शाई, त्याला रंग लागत नाहीत, मी उभा जन्म केलंय. योजना तशीच ठेवू. अनंतराव, तुम्ही मंगळवारी मघासारखं बेधडक म्हणा."

"नाही म्हणणार," अनंतराव म्हणाले.

"आता तर जमायला लागलं होतं."

"जमायला लागलं होतं म्हणूनच. बापूराव, ज्याला खरंच दिसत नाही तो मुलगा माझ्या घरात तोंड मिटून बसलाय. आणि मी, ज्याला स्वच्छ दिसतं, डॉक्टरपुढे जाऊन त्याची नक्कल करू? आणि त्यावर त्यालाच नोकरी लावू?"

"नक्कल काय म्हणता, पोटासाठी माणूस..."

"दादा, पुरे," कमळाबाई म्हणाल्या.

बापूरावांनी चमकून बहिणीकडे पाहिलं. घटकाभरापूर्वी ती त्यांच्या बाजूला होती.

"नोकरी राहू दे," कमळाबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या. "त्या डॉक्टरच्या दिव्यापुढे मला या घरातलं कुणीच उभं करायचं नाही, खरं बोलायलाही नाही आणि खोटं बोलायलाही नाही. अहो, तुम्ही राजीनामा द्या. बर्फ काढा. विकला गेला नाही तर बघू."

"क्वार्टर सोडावं लागेल," अनंतराव म्हणाले. बायको इतक्या लवकर ऐकेल याची त्यांनी तयारीच केली नव्हती. मनातून ते थोडे घाबरलेच.

"सोडू. दादा, तुझ्या लक्ष्मी गेटच्या घरातल्या मागच्या दोन खोल्या कधीच्या कुलूप लावून ठेवल्यास?"

"त्यात सामान आहे, कमळे."

"कसलं?"

"जुनं."

"ते काढ. आम्ही महिनाअखेर येतो. आणि शपथेचं काय ते मी कुणाकडे बोलणार नाही. तुझ्या सुनांकडे नाही, तुझ्या वामनच्या सासरीही नाही. त्यांनी परवाच आहेरात पांढरं धोतर दिलंय ना, मूळपुरुषाच्या मानाने?"

बापूराव टोपी काढून बघत बसले, जणू तिच्यात काही लिहिलेलं होतं. मग म्हणाले, "खोल्यांना उजेड कमी आहे."

"आम्हाला चालेल."

जाताना त्यांनी बांगड्या बकुळच्या हातात दिल्या. कोणती कोणती हे विचारलं नाही. रघुनाथ त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेला, आणि खिडकीतून बकुळने पाहिलं की मामा रिक्षात न बसता उभ्यानेच त्याला काहीतरी विचारतायत आणि तो मान हलवतोय. पुष्कळ वेळ दोघं तसे बोलत होते. मामा कुणाशी इतकं हळू बोललेले तिने कधी पाहिले नव्हते.

मंगळवारी अनंतराव तपासणीला गेले. अंधाऱ्या खोलीत डॉक्टरने दिवा दाखवला आणि त्यांनी लाल तो लाल, हिरवा तो हिरवा, पिवळा तो पिवळा सांगितला. एकदाही जीभ अडखळली नाही.

"अनंतरावजी, आपकी आँखें तो लड़कों जैसी हैं," डॉक्टर म्हणाला.

"लड़कों की बात रहने दीजिए," अनंतराव म्हणाले.

तिथून ते शेडमध्ये गेले आणि राजीनामा देऊन आले. शेडवाल्यांना वाटलं, डोळे गेले. चांगले आहेत म्हटल्यावर त्यांना वाटलं, डोकं गेलं. अनंतरावांनी कुणाला काही समजावलं नाही. घरी येऊन ते बराच वेळ अंगणात खाट टाकून पडून राहिले. कमळाबाईंनी त्यांना जेवायला उठवलं तेव्हा म्हणाले, "मला फार वाईट वाटतंय." "वाटणारच," त्या म्हणाल्या आणि ताटात जास्तीचं तूप वाढलं.

पुढच्या आठवड्यात, नोकरी सुटल्यावर, बापलेक मोठला जागा बघायला निघाले. रघुनाथला बरोबर घ्यायचं असं कुणी म्हटलं नव्हतं. अनंतराव मफलर बांधत होते तेव्हा तोही बूट घालायला लागला.

सकाळची बस होती आणि कानपूर रोडवर पांढरं धुकं दाटलेलं. वाटेतल्या फाटकापाशी बस थांबली. फाटक बंद होतं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मागचा एक शेतकरी आगगाडीच्या ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार करायला लागला. अनंतराव ऐकत होते. जन्मभर ते फाटकाच्या आतल्या बाजूने गेले होते. बाहेर कोण उभं असतं आणि काय म्हणतं, हे त्यांना आज कळत होतं.

"इतका वेळ लागतो?" त्यांनी रघुनाथला विचारलं.

"रोज लागतो."

धुक्यात रुळाच्या वर सिग्नलचा दिवा तेवढा दिसत होता. हात दिसत नव्हता. रघुनाथ काच पुसून तिकडे बघत होता.

"आत्ता काय आहे, बाबा?"

"हिरवा. गाडी येतेय."

रघुनाथने मान डोलावली. दिवा त्याला दिसत होता, इतकंच.

"असं असतं तेव्हा तू काय करतोस?" अनंतरावांनी विचारलं. बावीस वर्षांत त्यांनी हे विचारलं नव्हतं. "कुठे जायचं, कुठे थांबायचं, कसं ठरवतोस?"

"बाकीचे काय करतात ते बघतो. ते निघाले की निघतो."

मालगाडी धडधडत गेली. वाफेची होती. अनंतरावांनी इंजिन कोण चालवतंय ते बघण्यासाठी मान वळवली नाही. फाटक उघडलं, ट्रॅक्टर, सायकली, बैलगाड्या एकदम एकमेकांत घुसल्या, आणि बस कुठूनच पुढे सरकेना.

"रघू," अनंतराव म्हणाले, "बर्फातलं मला काही समजत नाही. जयसिंगलाही नाही. मी निघालोय खरा, पण कुठे निघालोय ते मला दिसत नाही. तू माझ्याकडे बघून चालू नकोस."

रघुनाथने थोडा विचार केला.

"मग आपण दोघं सारखेच," तो म्हणाला, आणि वडिलांना खिडकीशी बसता यावं म्हणून जागेवरून उठला.